स्पीड तीनशे, नाव कुर्डुवाडीत

केतकी नलवडेने भाचीचं नाव मंगळवारी फोनमध्ये सांगितलं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत ते कुर्डुवाडीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बार्शीहून कुर्डुवाडी म्हणजे एसटीने फार तर तासाभराचा रस्ता. नाव तर अवघं तीन अक्षरी होतं, एवढं तिला आठवत होतं. कोणती तीन, ते नावाबरोबरच निघून गेलं होतं.

बारसं होतं नाशिकला. केतकी ही बाळाची एकुलती एक आत्या, म्हणजे कानात नाव सांगायचा मान तिचाच. पण शाळेच्या जिन्यावरून पडून तिचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेलेला. मग भावाने, निनादने, तोडगा काढला. पाळण्यात बाळाच्या कानाशी फोन धरायचा आणि आत्याने बार्शीहून कुर्र करायचं. नाव केतकीनेच निवडलं होतं आणि निनादलासुद्धा सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं तर बारशात राहिलं काय?

तिने कुर्र केलं, नाव सांगितलं. पाळण्याभोवतीच्या बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. धपाटे वेळेवर पोचले, पाचही. आपल्या हॉलमध्ये एकटी बसलेली केतकी प्रत्येक धपाट्याला पुढे झुकली. पाचवा बहुतेक निनादच्या सासूबाईंचा असावा, कारण तो मनापासून होता.

नाव मात्र पोचलं नाही.

"काही ऐकू नाही आलं गं, तायडे," निनाद म्हणाला. "परत सांग ना."

केतकीने तोंड उघडलं. तोंडात नाव नव्हतं. पर्समध्ये लिहून ठेवलेली चिठ्ठी काढली. चिठ्ठीची घडी तशीच होती, कागद कोरा होता.

"येईल," ती म्हणाली. "वाटेत असेल."

तीन दिवस वाट बघून तिने वायुवेग ब्रॉडबँडला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, "आपलं नाव सध्या कुर्डुवाडी इथे आहे."

"तिथे काय करतंय?"

"उभं आहे, मॅडम."

"मग पुढे ढकला की त्याला!"

"त्यासाठी तक्रार नोंदवावी लागेल. आणि तक्रारीसाठी आधी आमच्या वेबसाइटवर स्पीड टेस्ट करावी लागेल."

केतकीने टेस्टचं बटण दाबलं. काटा थरथरला आणि थेट तीनशेवर जाऊन उभा राहिला. खाली हिरव्या अक्षरांत आलं: 'आपला वेग उत्तम आहे.' केतकी बारा वर्षं आठवी-नववीला गणित शिकवत होती. आकड्याशी वाद घालायचा नाही, आधी आपली रीत तपासायची, हे तिनेच पोरांच्या डोक्यात भरवलेलं. तेव्हा तिने स्वतःलाच तपासलं. चार्जर लावला, राउटरवरची धूळ पुसली, खिडकी उघडली.

समोर मेडिकलचं दुकान असायला हवं होतं. तिथे वायुवेगचं ऑफिस होतं. काल-परवापर्यंत ते एसटी स्टँडसमोर होतं. काउंटरमागे बसलेल्या, पन्नाशीच्या, हाफ स्वेटर घातलेल्या गृहस्थाने तिला ओळखीचा हात केला. मेडिकलचं दुकान पार टेकडीच्या पलीकडे दिसत होतं.

शनिवारी सकाळी निनादचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या कानाशी केस पिकले होते. मांडीवर दोन वेण्या घातलेली मुलगी बसली होती.

"ही कोण?" केतकीने विचारलं.

"अगं, तीच."

बाळाला मंगळवारी बारा दिवस झाले होते.

"पहिलीत घातली," निनाद म्हणाला. "दाखल्यावर नाव नाही म्हणून बाई हजेरीत तिला 'पुढची' म्हणतात. आम्ही घरी 'ए' म्हणतो. पण बरं नाही वाटत गं. माणसाला किती दिवस 'ए' म्हणायचं?"

"दुसरं एखादं नाव ठेवायचं, निन्या!"

"ठेवून पाहिलं. चिकटत नाही. संध्याकाळपर्यंत गळून पडतं. आत्याचंच पाहिजे म्हणतात."

मुलगी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. पुढचे दोन दात पडलेले.

"आत्या, माझं नाव निघालं का गं?"

"निघालंय, सोन्या. कुर्डुवाडीत आहे."

"ते चालत येतंय का?"

तिने फोन ठेवला आणि रागाच्या भरात पुन्हा टेस्ट केली. तीनशे बारा. दाराबाहेर काहीतरी जड वस्तू टेकल्याचा आवाज झाला. कुबड्या घेऊन तिने दार उघडलं, तर जिन्याच्या चौकात वायुवेगचं ऑफिस होतं. काउंटर, टोकन मशीन, उदबत्ती, सगळं. हाफ स्वेटरवाले गृहस्थ उठून उभे राहिले.

"मी ढोबळे. या ना मॅडम. पाय कसा आहे?"

"पाय राहू द्या. तुमची टेस्ट तीनशे दाखवते आणि माझं नाव चार दिवस कुर्डुवाडीत उभं!"

"टेस्ट बरोबर आहे."

"कशावरून?"

"तुमच्या हॉलपासून या काउंटरपर्यंत तीनशे बारा. मोजून घ्या. एक कमी निघाला तर नाव बदलेन." ढोबळे थांबले. "म्हणजे माझं."

"काउंटरपर्यंत? मला नाशिकला बोलायचंय!"

"नाशिक आमच्या काउंटरवर नाही, मॅडम."

"मग काउंटरच्या पुढे किती स्पीड आहे?"

"पुढचं कोण मोजतं?" ढोबळे खरोखरच चकित झाले होते. "आम्ही आपलं घर ते काउंटर बघतो. आणि अंतर कमी केलं की आकडा चांगला येतो, म्हणून प्रत्येक टेस्टला थोडं जवळ येतो. ग्राहकसेवा आहे ती. आता आम्ही इकडे सरकलो की बाकीच्यांना, नाशिकलासुद्धा, तिकडे सरकावं लागणार. तेवढीच तर जागा आहे."

"आणि माझं नाव?"

ढोबळेंनी रजिस्टर पाहिलं. "कुर्डुवाडीहून निघालं."

"अरे वा!"

"इकडे. टेस्ट चालू असताना रस्ता मोकळा लागतो ना. वाटेतलं सगळं मागे घ्यावं लागतं."

म्हणजे ते नाव तिने स्वतःच, स्वतःच्या बोटाने, मागे ओढलं होतं. तिने दार लावून घेतलं, मोबाइल कपाटात टाकला आणि ठरवलं, आता काही झालं तरी टेस्ट करायची नाही. आपणच जायचं. प्लास्टरसकट. घरच्या लँडलाइनवरून स्टँडवर फोन करून विचारलं तर कळलं की बार्शी-नाशिक गाडी हल्ली सव्वीस वर्षं घेते आणि रिझर्वेशन फुल आहे.

दुपारी कपाटातच फोन वाजला. पडद्यावर शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली मुलगी होती. दात सगळे आलेले.

"आत्या, तुझे आशीर्वाद हवेत. लग्न झालं माझं."

"झालं?"

"झालं म्हणजे, ह्यांना उखाणा घेता येईना. 'भाजीत भाजी मेथीची' इथपर्यंत येतात आणि थांबतात, पुढे कुणाचं नाव घेणार? दीड तास मांडव तिष्ठत बसला. शेवटी लोक जेवायला गेले." ती हसली आणि मग हसायची थांबली. "पत्रिकेवर पण माझ्या जागी टिंबं छापली. आत्या, एकदाच सांग ना गं. कुणी हाक मारली तर मला वळून बघायचंय."

केतकी रडू आवरत म्हणाली, "सांगते. मी आणते ते."

त्यानंतर तिने काहीच केलं नाही, बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. पण रविवारी सकाळी राउटरने आपणहून टेस्ट घेतली. 'मासिक तपासणी, सहकार्याबद्दल आभार.' तीनशे चाळीस. जाग आली तेव्हा पलंगाच्या पुढे हॉल नव्हता. काउंटर तिच्या प्लास्टरला टेकला होता आणि मागच्या भिंतीला तिची पाठ. खिडकीच्या जागी टोकन मशीन होतं. ढोबळे बिस्किट चहात बुडवत होते.

"अभिनंदन, मॅडम. तुमचं नाव आलं."

"कुठेय?"

त्यांनी ड्रॉवरवर टिचकी मारली. आतून बारीक घूं घूं आली, काडेपेटीत भुंगा कोंडावा तशी. केतकीच्या जिभेला एकदम ओळख पटली. पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

"उघडा ना!"

"तक्रार असल्याशिवाय उघडत नाही. आणि तक्रारीसाठी—"

"टेस्ट."

"शेवटची. आता फार अंतर राहिलेलंच नाही."

"नाही केली तर?"

"तर तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं व्यवस्थित आहे."

तेवढ्यात फोन वाजला. आवाज यायला बराच वेळ लागला, चित्र आधी आलं. केस पूर्ण पांढरे झालेली एक बाई आरामखुर्चीत बसली होती. तिच्या मागच्या भिंतीवर निनादचा फोटो होता. फोटोला हार होता.

केतकीने तोंडावर हात दाबला. मंगळवारी त्याने तिला तायडे म्हटलं होतं.

"बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली, आत्या," आवाज पोचला. "कळवलं होतं तुला. मिळालं नसेल."

"नाही गं. नाही मिळालं."

"जाताना मला हाक मारायला बघत होते. नुसतं 'ए' म्हणाले." म्हातारीने चष्मा काढून पुसला. "तू अजून तशीच आहेस. मला डॉक्टरांनी फार दिवस नाही सांगितलेत. तुझं होतंय का काही?"

केतकीने ड्रॉवरकडे पाहिलं. टेस्ट केली तर नाव हातात येणार होतं आणि म्हातारी आणखी लांब जाणार होती. नाही केली तर म्हातारी तिथेच राहणार होती, बिननावाची, आणि तीही किती दिवस.

"फोन कानाला लाव," केतकी म्हणाली. "लावलास? तसाच धर. काही झालं तरी काढू नकोस."

तिने बटण दाबलं.

काटा शेवटच्या आकड्याला टेकून आणखी पुढे गेला. काउंटर सरकला. पोटाला लागला, मग छातीला. ड्रॉवर आपोआप उघडला आणि नाव तिच्या तोंडात परत आलं. तिन्ही अक्षरं, मंगळवारी होती तशी, कोमट. पडद्यावर आता आरामखुर्ची नव्हती. म्हातारी इतकी म्हातारी झाली होती की मुठीएवढी उरली होती, आणि कुणीतरी तिला परत पाळण्यात निजवलं होतं. फोन तिच्या कानाशी होता. तिने काढला नव्हता.

"कुर्रर्र," केतकी म्हणाली, आणि नाव सांगितलं.

तोंड पुन्हा रिकामं झालं. पाळण्यातली मान हलली नाही. ती ऐकत होती.

"चारशे अकरा," ढोबळे म्हणाले. "आजवरचा सर्वोत्तम."

केतकीच्या पाठीमागे भिंत होती. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये बोटसुद्धा शिरलं नसतं. तरी तिथे पहिला धपाटा बसला. मग दुसरा. तिसरा.