शेरीफची उंची

व्हर्नन प्रुइटचा आवाज असा, की ऐकणाऱ्याने नकळत टोपी काढावी. आणि देह बुटका, पण रुंद असा, की त्याला बसायला दोन खुर्च्या पुढे कराव्यात. गेली आठ वर्षं तो रेडिओवर कॉटनवुड क्रॉसिंगचा शेरीफ होता. दर शनिवारी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पोट सावरत मायक्रोफोनसमोर उभा राहायचा आणि डाकूंचा कर्दनकाळ व्हायचा. घोड्यावर मात्र तो जन्मात बसला नव्हता. टापा वाजवायचा लेस्टर, नारळाच्या करवंट्यांनी. दारही लेस्टरच लावायचा, गोळीही तोच झाडायचा. शेरीफने फक्त बोलायचं.

आता ही मालिका टेलिव्हिजनवर जाणार होती. रेडिओवाल्यांचीही चाचणी घेऊ, असं वरून आलं. एवढ्यावर या बाबाने आईला नेब्रास्कात पत्र टाकलं, की आता मी दिसणार. वडील गेल्यावर आई मावशीच्या गावी राहायला गेली होती. तिथे व्हर्ननला कोणी पाहिलं नव्हतं, ऐकलं मात्र अख्ख्या गावाने होतं. म्हातारीने शिवणाचं मशीन विकून टेलिव्हिजन घेतला आणि शेजारपाजारला आमंत्रणं देऊन मोकळी झाली. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

"आधी काम तर मिळू द्यायचं," मॅक्सीन म्हणाली. मॅक्सीन रेडिओवर दारूच्या गुत्त्याची ठसकेबाज मालकीण, आणि प्रत्यक्षात थेंबालाही न शिवणारी, तालमीत मोजे विणत बसणारी आजी.

"अगं, आठ वर्षं शेरीफ मीच आहे. दुसरा आणतील कुठून?"

"आरशात बघितलंयस का कधी?"

"तू बघितलंयस?"

"बघितलंय ना. म्हणून तर मी चाचणीला नाव दिलं नाही."

प्रसंग सोपा होता. शेरीफ आत येतो, डाकू जेबला बघतो, पिस्तूल काढतो, गोळी झाडतो. व्हर्नन आला.

"दार उघडून आत आलोय, जेब," तो म्हणाला.

दिग्दर्शक हॅलोरनने थांबवलं. "ते दिसतंय आम्हाला. सांगू नका."

"बरं," म्हणून व्हर्नन पुन्हा आला. "जेब, डाव्या खिशातला हात बाहेर काढ. आणि ती लाल दाढी कुरवाळू नकोस."

जेबला दाढी नव्हती. पण ज्यांना काही दिसत नाही त्यांच्यासाठी आठ वर्षं बोललेली जीभ, ती काय एका दिवसात गप्प बसते होय!

तिसऱ्या खेपेला त्याने पिस्तूल काढलं, नेम धरला आणि तसाच उभा राहिला. जेबही उभा राहिला. कॅमेरा चालू. व्हर्ननने सवयीने डोळ्याच्या कोपऱ्यातून लेस्टरकडे बघितलं. तिथे लेस्टर कुठला? एक दिवा होता. घोडं इथेच पेंड खात होतं. जेब बिचारा प्रामाणिक नट, गोळी सुटल्याशिवाय मरेना. व्हर्ननच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. शेवटी त्याच धीरगंभीर आवाजात तो म्हणाला, "ठो."

जेब कोसळला. मेला म्हणून नाही, हसून.

"व्हर्नन," हॅलोरन डोळे पुसत म्हणाला, "पिस्तुलाला चाप असतो हो."

काम गेलं ब्रॉक सँडर्लिन नावाच्या सव्वासहा फुटी गड्याकडे. दिसायला राजबिंडा, बोलायला लागला की बिजागरीला तेल घालावंसं वाटे. रेडिओवर व्हर्नन राहिलाच. पण आईला काय सांगायचं? पाच पत्रं लिहिली आणि पाचही फाडली. डाकूंना न भिणारा हा शेरीफ म्हातारीपुढे पार शेळी झाला. तोवर पहिला भाग लागूनही गेला आणि दुसऱ्या दिवशी आईचाच फोन आला.

"बघितला रे. सगळे आले होते. लिंडक्विस्टबाईने ॲपल पाय भाजून आणला होता."

"आई, ऐक. तो मी नव्हतो."

"मला सांगतोस? मी जन्म दिलाय तुला. बघितल्या बघितल्या कळलं."

व्हर्ननला भडभडून आलं. "मग लोकांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, तूच आहेस म्हणून. लिंडक्विस्टबाई म्हणाली, किती उंच हो तुमचा मुलगा! मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच उंच."

"आणि आवाज?"

"म्हटलं, पडसं झालंय."

व्हर्ननला हसावं की रडावं कळेना. "नाताळला येऊ ना मी?"

 

"ये की. पण नळ दुरुस्त करणाऱ्याचे कपडे घालून ये. आणि वाटेत कोणी काही विचारलं तर मान हलव. बोलू नकोस."

"का? तिथे मला कोण ओळखतंय?"

"तुला कोण ओळखत नाही रे?" आई म्हणाली. "एक शब्द बोललास की अख्खं गाव गोळा होईल. म्हणून तर सांगते, गप्प ये."