अनवाणी पायाखाली

मी एक जुना अॅक्सिलरेटर आहे, मित्रांनो. मोटारीत ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली एक लांबट पेडल असतं, दाबलं की गाडी पळते आणि सोडलं की दमते, ते मी. गाडी चांगली पळाली की लोक इंजिनाचं कौतुक करतात, रंगाचं करतात, भोंग्याचंसुद्धा करतात. माझं कौतुक कोणी केल्याचं मला आठवत नाही. पण पायाखाली राहून माणसं फार लवकर कळतात.

कारखान्यात लोखंडी पत्र्यातून मला कापलं, वर रबर चढवलं आणि एका पिनेवर बसवलं. पिनेभोवती पितळेचा एक बुश, म्हणजे छोटीशी नळी. तिच्यात मी लोण्यात बोट फिरावं तसा हलायचो. साठ सालच्या आसपास आमची काळी मोटार लोणावळ्याच्या भिकाजीशेठनी घेतली. गाव वराळे, पण लोणावळ्यात त्यांची लाकडाची वखार होती. माणूस वाईट नव्हता, संशयी होता. दुधात पाणी, लाकडात वाळवी, हिशेबात नोकराची लबाडी, असं त्यांना सगळीकडे काहीतरी दिसायचंच.

गाडी चालवायला सुदुंबऱ्याचा सोपान ठेवला. त्याचा पाय मला पहिल्या दिवसापासून आवडला. घाटात तो मला असा दाबायचा की इंजिनाला धाप लागू नये. शेठच्या पत्नी मुक्ताबाईंनी समोरच्या काचेपाशी एकवीरादेवीची तसबीर लावली होती. सोपान दार उघडून आधी तिला हात जोडायचा, चपला काढून सीटखाली सारायचा आणि मगच बसायचा. शेठ मागे बसत, खिडकीतून बाहेर बघत. ड्रायव्हरच्या पायात काय आहे, हे बघायला कोण वाकतं?

पाचेक वर्षं सुखाची गेली. मग माझा बुश एका बाजूनं झिजला. बुटाच्या रुंद तळव्यानं दाबलं तर मी सरळ खाली जायचो, काही त्रास नव्हता. पण उघडा पाय अंगठ्याच्या बाजूनं जोर देतो. मी तिरपा व्हायचो, झिजलेल्या जागी पिन घासायची आणि माझ्या तोंडून निघायचं, "कुर्रर्र."

"हे काय रे?" पहिल्यांदाच शेठ मागून म्हणाले.

"कुटनं येतंय कळना, शेठ."

शेठनी गाडी थांबवून स्वतः चालवली. त्यांच्या पायात करकरीत बूट. मी गप्प. सोपान बसला, की कुर्रर्र! शेठचे डोळे बारीक झाले.

गाडी तळेगावला गेणू मिस्त्रीकडे नेली. तो जाडजूड बूट घालून सोमाटण्यापर्यंत फिरवून आला. मी अवाक्षर काढलं नाही. गेणू थट्टेखोर. हात पुसत म्हणाला, "शेठ, गाडीला काय बी झालं न्हाई. डायवरलाच तेल घाला!"

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. त्या थट्टेनं त्यांच्या डोक्यात घर केलं. त्यांना वाटायला लागलं, आपल्या माघारी सोपान खंडाळ्याला हवा खायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन घाट चढतो, भाडं मारतो, म्हणून तर त्याच्या पायाखाली गाडी कण्हते. आता ते निघताना टायरवरचा चिखल बघत, सीट हुंगून बघत. एकदा सीटवर मोगऱ्याचं फूल सापडलं, तर तासभर चौकशी. ते मुक्ताबाईंच्याच गजऱ्यातलं निघालं.

सोपानलाही स्वतःच्या पायाची शंका यायला लागली. त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, घोट्याला काळा दोरा बांधून दिला. त्यानं काय होणार? कुर्रर्र चालूच. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, पण मला बोलायला तेवढा एकच शब्द येत होता, आणि तोच त्याच्या मुळावर उठला होता.

शेवटी शेठ म्हणाले, "सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर येतोय. तुला काही सांगायचंय?"

सोपान गाडी पुसत होता. हातातलं फडकं तसंच राहिलं. "कामावरनं काडा, शेठ. पर चोर म्हनून काडू नका. चला एकवीरेला. तिच्या पायरीवर हात ठेवून सांगतो."

रविवारी निघाले. शेठनी किल्ली सोपानला दिलीच नाही, स्वतः चालवली. वेहेरगावला पायथ्याशी गाडी लावून दोघं डोंगर चढले. वर काय झालं ते मी कसं बघणार? परत आले तेव्हा शेठ तणतणत होते. देवळाबाहेर काढलेले नवे बूट कोणीतरी पळवले होते.

"तुझ्या चपला बऱ्या राहिल्या रे!"

"माज्या चपला कोन नेतंय, शेठ? दोनदा शिवल्यात."

"शपथ घेतलीस खरी. पण माझं मन काही मानत नाही." असं म्हणत शेठ पुन्हा स्वतःच चाकामागे बसले. अनवाणी. मला दाबलं.

कुर्रर्र!

शेठनी पाय उचलला. हळूच पुन्हा ठेवला. कुर्रर्र. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"सोपान, गाडी चालवताना तू पायात काय घालतोस?"

"काय बी न्हाई. म्होरं देवी हाय न्हवं? चपला घालून कसं बसायचं?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं? भाडं कुटं मारलंस, ह्येच इचारलं. त्याचं उत्तर मी दिलं."

शेठ खाली उतरले आणि रस्त्यावर गुडघे टेकून आत वाकले. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड मी पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिलं. त्यांनी मला बोटानं हलवलं. "एका बाजूला हलतंय रे," ते पुटपुटले. मग किल्ली सोपानच्या हातात ठेवली आणि तापलेल्या खडीवर तळवे आखडत पलीकडच्या दाराकडे निघाले.

सोपान खाली उतरला. त्यानं चपला काढल्या आणि पायानं त्यांच्याकडे सरकवल्या. "घाला. पाय भाजत्याल."

शेठनी घातल्या. त्या दिवशी लोणावळ्यापर्यंत मी सारखा कुरकुरत होतो आणि मला कोणी रागावलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या ड्रायव्हरला नको म्हणून निरोप गेला आणि गेणूनं नवा बुश बसवला. पुढे गाडी भंगारात गेली, आता मी गेणूच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, सायकल असो, रहाट असो, नाहीतर घरातलं एखादं माणूस, कोणी कुरकुरायला लागलं तर तेलाचे दोन थेंब घेऊन जा. आणि तेल नसलं, तर निदान खाली वाकून विचारा, "बाबा, तुला नक्की कुठं लागतंय?"