खेकड्याशेजारची जागा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. उणे तीस ते अधिक पन्नास अंश, एवढेच माझे जग. माझ्या नळीत लाल स्पिरिट आहे. त्यातला एक टिपूस वरच्या टोकाला अडकला आहे, म्हणून मी अर्धा अंश कमी दाखवतो. हे आधीच सांगितलेले बरे.

१९६८ साली लोणावळ्याच्या दत्तोबा मास्तरांनी मला विकत आणले. त्यांच्या पत्नी झुंबरबाई यांचे हृदय अधू होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. परदेशात एका माणसाचा देह मृत्यूनंतर गोठवून ठेवल्याची बातमी मास्तरांनी वाचली होती. इलाज सापडेपर्यंत माणूस थंडीत थांबवता येईल का, हे शोधायला त्यांनी चार शिक्षक जमवले. सुटीच्या दिवशी ते पदरमोड करून प्रयोग करत. सुरुवात खेकड्यांपासून झाली.

खेकडे डोंगरावरच्या वाडीतला नवसू आणी. लाकडी पेटीत बर्फ आणि खडेमीठ भरत. मधोमध गोणपाटात गुंडाळलेला खेकडा असे आणि मी कडेला, बर्फात खोचलेला. मी उणे बारा दाखवी. दोन तासांनी खेकडा बाहेर काढला की थोड्या वेळाने तो पाय हलवी. असे अकराच्या अकरा खेकडे जगले. माझे फार कौतुक झाले. दसऱ्याला मला कुंकू लावले गेले आणि उणे पाचपासून उणे आठपर्यंतचे आकडे झाकले गेले.

खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या शेठनी शीतयंत्रासाठी पैसे देऊ केले. अट एकच होती : रविवारी प्रयोग त्यांच्यासमोर व्हावा.

शनिवारी नवसू नवे खेकडे घेऊन आला आणि पेटीत डोकावला.

"मास्तर, ही काडी बर्फात हाय. खेकडा गोणपाटात. मंग थंडी कुणाची मोजली?"

"आत सगळीकडे सारखीच असणार."

"मंग आमी घोंगडी कशाला पांघरतो?"

झुंबरबाई हसल्या. "द्या आता उत्तर. शाळेत पोरांना दरडावता ना?"

मास्तरांनी मला गोणपाटात, खेकड्याला लागून खोचले. दोन तासांनी मी अधिक तीन दाखवत होतो. खेकडा सुस्त पडला होता, गोठला नव्हताच. मग मास्तरांनी दुसरा खेकडा गोणपाटाशिवाय थेट बर्फात ठेवला आणि मला त्याच्याशेजारी. या वेळी मी उणे दहावर गेलो. तो खेकडा पुन्हा हलला नाही.

"ह्यो खरा गेला," नवसू म्हणाला. "आता कालवणच."

मास्तरांनी तो खेकडा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उद्यापुरते गोणपाट राहू दे. यंत्र आले की खरे प्रयोग करता येतील."

"अहो, आणि त्या यंत्रात मला कोणत्या भरवशावर ठेवाल?" झुंबरबाईंनी विचारले. "अकरा खेकडे झोपले होते, त्या?"

रविवारी मास्तरांनी शेठपुढे बर्फातला आणि गोणपाटातला, दोन्ही आकडे ठेवले. शेठनी चहा घेतला, मास्तरांचे आभार मानले आणि ते गेले. पैसे आले नाहीत. हळूहळू शिक्षकही येईनासे झाले.

झुंबरबाई पुढच्या श्रावणात गेल्या. रीतीप्रमाणे त्यांना अग्नी दिला. त्या दिवशी माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मी बावीस दाखवत होतो.

आता मी खिडकीजवळच्या खिळ्याला लटकतो. मास्तरांच्या वहीत उणे बाराच्या अकराही नोंदींपुढे नंतर एक शब्द लिहिलेला आहे : 'बर्फाचे'.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. कुंकू मात्र लावू नका. ज्याच्याविषयी विचारायचे आहे, त्याच्याशेजारी मला ठेवा. आणि मी सांगेन त्यात तेवढा अर्धा अंश मिळवा.