फिटरकाकांची चिठ्ठी

सात वर्षे दर रविवारी राबून हौशी मंडळींनी वाफेचे जुने इंजिन दुरुस्त केले होते. आज तपासनीस त्याच्या बॉयलरची परीक्षा घेत होते. पंपाने आत पाणी भरून चढवलेला दाब अर्धा तास टिकला, तर इंजिन पुन्हा धावणार. नाही टिकला, तर ते संग्रहालयाच्या दारात कायमचे उभे राहणार.

दहाव्याच मिनिटाला दाबाचा काटा खाली सरकू लागला. मंडळींतले निवृत्त फिटरकाका लगेच पुढे धावले. बॅटरी घेऊन त्यांनी सांधा न् सांधा तपासला. सगळे कोरडे ठणठणीत.

"अहो, पंपाकडचा व्हॉल्व्ह बघितलात का?" पितळ पुसता पुसता काकूंनी विचारले.

"अगं, त्यावर माझी 'बंद' अशी चिठ्ठी आहे. चिठ्ठी लावलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा इथला नियम."

"नियम तुमचाच, चिठ्ठीही तुमचीच. चिठ्ठीने व्हॉल्व्ह बंद होतो का?"

काकांनी व्हॉल्व्हचे चाक फिरवून पाहिले, तर ते चांगले अर्धा फेरा फिरले! चिठ्ठी आधी लावून व्हॉल्व्ह आवळायचा राहूनच गेला होता, आणि पाणी गुपचूप पंपाच्या टाकीत परतत होते.

"साहेब, चूक माझी," ते ओशाळून म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून वेळ मोजता का?"

तपासनीस हसले. "मोजतो. पण या वेळी बाईंना विचारून."

दाब पुन्हा चढवला. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. सही होताच सगळ्यांनी टाळ्या पिटल्या; काका मात्र केव्हाच बॉयलर पेटवण्यासाठी सरपण आणायला पळाले होते.