सासऱ्यांचं वायफाय का तापतं

जावई कॉम्प्युटर लाइनमध्ये आहे, असं लग्न ठरताना सांगितलं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तो लॅपटॉपच्या बॅगा विकायचा. बॅगेच्या आत जे असतं त्याच्याशी त्याचा संबंध शिंप्याचा पोटदुखीशी असतो तेवढाच. पण सासरी कुणी खोलात शिरलं नव्हतं, आणि त्यानेही शिरू दिलं नव्हतं.

आणि मग एक दिवस सासूबाईंचा फोन आला.

"अहो, ह्यांच्या लॅपटॉपचं वायफाय सारखं मरतं. माझी बहीण मला ऐकवते, कसलं भंगार घेतलंय म्हणून. तुम्ही एवढे तज्ज्ञ घरात असताना!"

तो तसाच सासरी निघाला. आज काही जमलं नाही, तर इतक्या वर्षांची इभ्रत त्या लॅपटॉपसकट भंगारात जाणार होती.

सासरे रोज दुपारी त्यांच्या साडूंशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळत. साडू म्हणजे सासूबाईंच्या त्याच बहिणीचा नवरा. निवृत्त सर्जन, पण हातातली सुरी सुटल्यावर धार जिभेला आलेली. नियम सासऱ्यांनीच केला होता: जोडणी तुटली की डाव रद्द. आणि जोडणी तुटायचीच. त्यामुळे आजवर कुणी जिंकलं नव्हतं, कुणी हरलं नव्हतं.

"कशाला त्रास घेतलात, जावईबापू? राहू द्या हो, चालतंय," सासरे म्हणाले. काय हा मोठेपणा, असं जावयाला वाटलं.

त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. मग राउटर बंद करून चालू केला. मग नुसताच गंभीर चेहरा करून बसला. सासऱ्यांचा डाव सुरू झाला, रंगात आला, आणि सहज म्हणून त्याने कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर हात टेकला.

"आई गं!"

इस्त्रीच जणू. पुढच्या क्षणी वायफाय गेलं. फोनवर शोधल्यावर कळलं, की त्या कोपऱ्याखाली वायफायचं कार्ड असतं आणि फार तापलं की ते मान टाकतं. त्यात सासऱ्यांनी लॅपटॉप उशीवर ठेवला होता, म्हणजे हवा जायची वाटही बुजलेली. त्याने उशी काढली. सासऱ्यांनी परत घातली. "मांडी भाजते हो."

मग त्याने लॅपटॉप सरळ फ्रिजमध्ये ठेवला. मधल्या फळीवर, अंड्यांच्या शेजारी. सासरे समोर स्टूल टाकून, मफलर गुंडाळून बसले. कार्ड गार, खेळ सुरळीत. तेवढ्यात सासूबाई आल्या, दूध आत ठेवलं आणि सवयीने दार लावून टाकलं. लोखंडी पेटीत वायफाय काय कपाळ येणार?

"अहो आई, दार!"

"मग काय सताड उघडं ठेवू? बिल तुम्ही भरणार?"

शेवटी जावयाने दुकानातून नखाएवढं यूएसबी वायफाय आणलं, लॅपटॉपला खोचलं आणि सेटिंगमध्ये जाऊन आतलं कार्ड बंदच केलं. आणि काय नवल, चाललं! घामाने निथळत त्याने डाव शेवटपर्यंत पाहिला. जोडणी एकदाही तुटली नाही.

सासऱ्यांचा वजीर गेला. दोन्ही हत्ती गेले. मग राजावर मात.

"मेलात हो साडूभाऊ!" स्क्रीनवरच्या व्हिडिओत सर्जन खदखदले. "पोस्टमॉर्टेम करू का?"

सासऱ्यांनी लॅपटॉप मिटला आणि जावयाला कोपरापाशी धरून बाल्कनीत नेलं.

"कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"बाबा, तुम्ही मुद्दाम उशी..."

"वजीर अडकला की उशी. साधी गोष्ट आहे. तुम्ही बॅगा विकता, हे मी कधी कुणाला बोललो?"

जावयाने लगेच विचारलं, "कार्ड परत चालू करू?"

"तेच म्हणतोय मी."

कार्ड चालू झालं, नखाएवढं यंत्र खिशात गेलं. जिंकून चढलेल्या साडूंनी लगेच दुसरा डाव मांडला आणि त्याच गुर्मीत वजीर फुकट घालवला. सासरे आधी स्क्रीनकडे बघतच राहिले, मग त्यांच्या लक्षात आलं. दोन चालींत मात! आयुष्यात पहिल्यांदा!

त्यांनी उशी भिरकावली. कोपऱ्यावर हात ठेवला, चटका बसला. "तापलंय हो! काहीतरी करा!" ते फुंकर मारायला लागले. जावई टॉवेलने वारा घालत दुसऱ्या हाताने खिशातलं यंत्र शोधत होता. सासऱ्यांनी घोडा उचलला, आणि वायफाय गेलं.

लगेच फोन वाजला. "साडूभाऊ, डाव रद्द ना?" सर्जनांचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला. "वाचलो बुवा! नियम तुमचाच हं!"

सासऱ्यांनी फोन ठेवला आणि लालबुंद होऊन जावयाकडे वळले.

"कसले हो तुम्ही कॉम्प्युटरवाले? एवढंसं कार्ड थंड ठेवता येत नाही!"