डाव्या हातातली झांज

आमच्या स्टेडियममध्ये मध्यंतराला जो उठतो तो हमखास पाहुणा. तळलेले मासे आणायला आम्ही खेळ चालू असताना जातो. मध्यंतराला बँड मैदानात उतरतो, तेव्हा जागचं कोण हलणार? अमेरिकेत काळ्या मुलींना बाकी सगळीकडे दारं बंद होती, तेव्हा आमची आई याच विद्यापीठात शिकली. इथल्या पायऱ्यांवर बसलं की मला अजून भरून येतं.

यंदा माझं लक्ष शेजारी बसलेल्या धाकट्या भावावर होतं. एप्रिलमध्ये रूफसला पक्षाघाताचा झटका आला. माणूस वाचला, उजवा हात गेला. तेव्हापासून त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. कॉलेजात तो बँडमध्ये झांजा वाजवायचा. दर वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या या सामन्यानंतर जुने वादक बँडमध्ये जाऊन बसतात, तिथे हा सगळ्यांच्या आधी. या वेळी झांजा घरीच राहू दे म्हणाला. मी त्या पिशवीत, तळलेल्या कोंबडीच्या डब्याखाली दडवून आणल्या.

सामना आम्ही हरलो. कितीने ते विचारू नका. पण कुणी उठलं नाही, कारण आता आमच्या आणि समोरच्या संघाच्या बँडची वाजवण्यात खरी जुंपणार होती.

"चल, जा," मी झांजा काढून म्हटलं.

"अर्नेस्टीन, एका हाताने तिथे काय माशा मारू?"

"मार. पण तिथे जाऊन मार."

तो तोंड फिरवून बसला. तेवढ्यात ओपल पायऱ्या उतरून आली. कॉलेजात ती त्याच्या शेजारी झांजा वाजवायची.

"काय रे, तुझ्या जागेवर पर्स ठेवलीय. किती वेळ राखू?"

"हात गेलाय माझा, ओपल."

"आंधळी नाहीये मी. डावा आहे ना?"

तिने त्याला उठवून नेलं आणि आपल्या उजवीकडे बसवलं. एक झांज त्याच्या डाव्या हातात अडकवली, दुसरी स्वतःच्या उजव्या हातात घेतली. पहिला ठोका हुकला आणि तिच्या टोपीला लागला.

"नवी आहे, मेल्या."

दुसरा बसला. तिसराही. मग मी मोजायचं सोडलं आणि निवांत रडून घेतलं. देवाने भाऊ ठेवला, वर ही ओपल ठेवली. आणखी काय मागू?

बँड थांबला तसा रूफस घामाघूम होऊन माझ्याकडे वळला.

"अर्नेस्टीन," तो तिथूनच ओरडला, "डबा आण इकडे. भूक लागलीय."