एका टिकलीवर आळ

मी पाणी समितीचा कॉम्प्युटर बोलतोय. एरवी माझी भाषा एवढीच: बरा असलो तर एक पीप, बिघडलो तर तीन. पण तेवढ्या भाषेतही मी एका बाईविरुद्ध खोटी साक्ष दिली. म्हणून आज तोंड उघडलंय.

माझं पहिलं आयुष्य कोचाबांबा शहरात, एका दवाखान्याच्या खिडकीमागे गेलं. तिथे नवी यंत्रं आली आणि मी बटाट्यांच्या पोत्यांवर बसून ट्रकने या गावी आलो. इथे धरणाचं पाणी पाटाने येतं आणि शेतकरी ते पाळीपाळीने घेतात. कोणाची पाळी कधी, हे तीस वर्षं डोन्या हिलारियाच्या, म्हणजे हिलारियाबाईच्या, डोक्यात होतं. रोज पाटावरून चालणारी ही म्हातारी. मी आलो तेव्हा तिने सगळ्या पाळ्या अर्ध्या दिवसात तोंडपाठ सांगितल्या. लिहून घेत होती झुलेमा, शहरात इंजिनिअरिंग शिकणारी गावचीच मुलगी. काम झालं की हिलारिया माझ्यावर क्रोशाचा रुमाल टाकायची आणि म्हणायची, "धूळ खाऊ नकोस रे बाबा." दवाखान्यात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

पण मी थकलो होतो. यादी उघडेपर्यंत चुलीवरचे बटाटे शिजायचे. सप्टेंबरात, आमच्याकडे पाऊस सुरू व्हायच्या आधी, पाण्याचा सगळ्यात जास्त ताण असतो. नेमकी तेव्हा झुलेमा माझ्यासाठी रॅमची नवी पट्टी घेऊन आली.

हिलारिया मक्याच्या दारूची वाटी आणि कागदी टिकल्यांची पिशवी घेऊन हजर. नवी वस्तू आणली की आमच्याकडे आधी धरणीमातेला, पाचामामाला, चार थेंब वाहतात आणि वस्तूवर टिकल्या उधळतात.

"डोन्या, हा कॉम्प्युटर आहे, ट्रॅक्टर नाही!"

"ट्रॅक्टरला चालतं, मग यानेच काय पाप केलंय?"

"एक थेंब आत गेला तर मेला समजा."

"बरं बाई. थेंब जमिनीला, टिकल्या याला." आणि तिने माझ्या उघड्या पोटावर मूठभर रंगीत टिकल्या उधळल्या.

झुलेमाने कपाळावर हात मारला. फुंकून टिकल्या उडवल्या आणि घाईघाईने पट्टी खोचली. बाहेर माणसं उद्याच्या यादीसाठी खोळंबली होती. पट्टीची एक बाजू वाजली: खट्. दुसरी वाजलीच नाही. मला कळलं, तिला नाही.

बटन दाबलं. पीप, पीप, पीप. पडदा काळा.

तिने तारा उपसल्या, पंख्यातली धूळ काढली, शाळेतून दुसरा पडदा आणून जोडला. स्वतः बसवलेल्या पट्टीला मात्र हात लावला नाही. माणसांना आपल्या कामाचा संशय सगळ्यात शेवटी येतो.

"काय गं इंजिनिअर," समितीचे अध्यक्ष कास्तो दारातून म्हणाले, "होता तसाच बरा होता ना?"

तिचे कान लाल झाले. तिने पट्टी उपटली. खाचेच्या कोपऱ्यात एक लाल टिकली निवांत पडलेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात. झुलेमाने ती बोटावर उचलून सगळ्यांना दाखवली. "ही बघा! ही यांची श्रद्धा!" आणि रागाच्या भरात दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. खट्. खट्.

एक पीप. पडद्यावर यादी.

मी सुरू झालो, हाच हिलारियाविरुद्धचा पुरावा ठरला. त्या क्षणी मी बंद राहायला हवं होतं. पण वीज आली की मला राहवत नाही.

"हिलारिया, आता पुरे झालं," कास्तो म्हणाले. "ऑफिसातही नको, पाटावरही नको. रविवारच्या सभेत समितीच्या कामातून तुझं नाव कमी करू."

हिलारियाने रुमालाची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली आणि ती निघून गेली.

सगळे पांगल्यावर झुलेमा माझ्यासमोर आपले अंगठे बघत बसली. त्यांवर पट्टीचे वळ उठले होते. दुसरा खट् तिनेही ऐकला होता. टिकली तिने वहीत ठेवली. रविवारपर्यंत ती कुणाशी धड बोलली नाही. मीही रोज एक पीप देऊन निमूट यादी दाखवत राहिलो.

सभा ऑफिसातच भरली. मतासाठी हात वर होणार, एवढ्यात झुलेमा उठली आणि सगळ्यांसमोर तिने माझं पोट उघडलं. वहीतली टिकली पुन्हा त्याच खाचेत ठेवली. पट्टी एकाच बाजूने दाबली. पीप, पीप, पीप.

"बघा, टिकलीच!" कास्तो म्हणाले.

"थांबा, काका." तिने दुसरी बाजू दाबली. खट्. एक पीप. यादी.

"टिकली अजून आतच आहे," झुलेमा म्हणाली. "चूक माझ्या अंगठ्याची होती. आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

मागच्या बाकावरून हिलारिया म्हणाली, "तीस वर्षांच्या पाळ्या अर्ध्या दिवसात लिहिल्यास पोरी. एवढं एक वाक्य बोलायला आठवडा लागला होय?"

लोक हसले. झुलेमा हसली नाही.

नाव कमी झालं नाही. हिलारिया पुन्हा पाटावर चालते, पाळ्यांवरून भांडणाऱ्यांना झापते. टिकली माझ्या पोटातच आहे; झुलेमा कुणाला ती काढू देत नाही. तुमच्याकडचं एखादं यंत्र हटून बसलं, तर दुसऱ्याच्या टिकल्यांकडे बोट दाखवण्याआधी तुमचे अंगठे पाहा. दोन खट् ऐका. आणि चूक कळली, तर रविवारची वाट बघू नका.

क्रोशाचा रुमाल मात्र हिलारियाने अजून परत आणलेला नाही. माझ्यावर धूळ साचतेय. मागायला हवा, पण कोणत्या तोंडाने मागू?